जोखीम भत्ता कायद्यात लिहा : विधिमंडळातल्या सगळ्या आमदारांना एका निवृत्त नर्सचं खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी सरकारी दवाखान्यात ३३ वर्षं नर्स होते. १९९२ ला लागले, मागच्या वर्षी ५८ पूर्ण झाली आणि रिटायर झाले. हे पत्र खरं तर चार-पाच वर्षांपूर्वीच लिहायचं होतं, पण सेवेत असताना १९७९ चे वर्तणूक नियम डोक्यावर असतात, सरकारच्या धोरणाबद्दल जाहीर काही लिहिलं की नोटीस येते, आणि माझ्या घरात तेव्हा मुलीचं शिक्षण चालू होतं त्यामुळे हिंमत झाली नाही. आता लिहिते. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, मी जो जोखीम भत्ता, म्हणजे धोक्याच्या कामाचा वेगळा पगार, मागणार आहे तो उद्या मंजूर झाला तरी मला त्यातला एक रुपया मिळणार नाही. मी मागते आहे ते माझ्या मागे वॉर्डात राहिलेल्या पोरींसाठी, सफाईच्या मावशींसाठी, कक्षसेवक मामांसाठी, आणि आमच्या खात्याच्या बाहेर जंगलात, तुरुंगात, शवागारात, वाळूच्या घाटावर रात्री-अपरात्री जी सरकारी माणसं उभी असतात त्यांच्यासाठी.

माझ्या पगारपत्रकावर मूळ वेतन असायचं, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता, अगदी गणवेश धुवायचा भत्ताही असायचा. पण टीबी वॉर्डात सहा वर्षं काढली, कोविडच्या दोन्ही लाटा काढल्या, तेव्हा या कामात जीवाला धोका आहे हे सांगणारी एकही ओळ त्या कागदावर नव्हती. अपवाद फक्त एकदाच झाला, गडचिरोली जिल्ह्यात भामरागडला असताना.

भामरागडचं आधी सांगते कारण माझं सगळं म्हणणं तिथूनच सुरू होतं. २००६ ते २०१० मी त्या तालुक्यात होते. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहायला लागली की आमचा बाहेरच्या जगाशी संबंध संपला, लाईट नाही, फोन नाही, बाळंतीण अडली तर तिला तिथेच सोडवायची, आणि मलेरिया म्हणजे साधा नाही, डोक्यात जाणारा फाल्सिपेरम, तो पेशंटलाही व्हायचा आणि आम्हालाही. रस्त्यात झाड आडवं पडलेलं दिसलं तर ते वाऱ्याने पडलंय की कुणी पाडलंय हे बघितल्याशिवाय ड्रायव्हर गाडीतून उतरायचा नाही. तर तिथे सरकारने एक गोष्ट मान्य केली होती. ६ ऑगस्ट २००२ चा जीआर, म्हणजे शासन निर्णय आहे, आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला तो तिथे असेपर्यंत एकस्तर, म्हणजे वरच्या पदाची वेतनश्रेणी द्यायची. शिवाय नक्षल भत्ता, तो मूळ पगाराच्या टक्क्यात असला तरी १५०० रुपयांच्या वर कधी गेला नाही. पैसे किती होते हा मुद्दा नाही. सरकारने कागदावर लिहिलं होतं की बाई, तू जिथे उभी आहेस तिथे धोका आहे आणि तो आम्हाला माहीत आहे. ते वाचून मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

पण ते होतं जीआरवर. आणि जीआर म्हणजे काय हे ज्याने सरकारी नोकरी केली त्यालाच कळतं. एका खात्याने काढला, दुसऱ्याने वेगळा अर्थ लावला, तिसऱ्या वर्षी स्पष्टीकरणाचं पत्र आलं आणि आधी दिलेलं परत मागितलं. आश्वासित प्रगती योजनेचा, म्हणजे बढती न मिळता वरच्या वेतनश्रेणीचा लाभ मिळाला होता म्हणून तुम्हाला एकस्तर लागूच नव्हता, जास्तीचं प्रदान झालंय, सबब वसुली करण्यात यावी, अशी पत्रं माझ्या ओळखीच्या किती जणांना आली. शिक्षक, आरोग्य सेवक, ग्रामसेवक. वेतन पडताळणी पथकाने रिटायरमेंटच्या तोंडावर लाल शेरा मारायचा आणि माणसाने पेन्शनच्या कागदांऐवजी वकील शोधत मॅटमध्ये, म्हणजे सरकारी नोकरांच्या न्यायाधिकरणात चकरा मारायच्या. डिसेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पंजाबच्या एका केसमध्ये सांगितलं की वर्ग ३ आणि वर्ग ४ च्या कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करू नका, तो निकाल दाखवून अनेकांचे पैसे वाचले. पण नक्षल भागात काढलेल्या वर्षांचे पैसे आपलेच होते हे सिद्ध करायला माणसाला कोर्टात का जावं लागावं, ते आधीच पक्कं का नसावं, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता कोविड. त्याबद्दल तुम्ही खूप ऐकलं असेल त्यामुळे पीपीई किटमधल्या घामाचं वर्णन करत बसत नाही. २९ मे २०२० ला वित्त विभागाने जीआर काढला, कोविडच्या ड्युटीवर असताना कर्मचारी गेला तर वारसाला ५० लाख रुपये सानुग्रह सहाय्य. केंद्राची पण ५० लाखांची विमा योजना होती, आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी. मी या दोन्ही निर्णयांना वाईट म्हणणार नाही, ज्या घरांना ते पैसे मिळाले ती घरं उभी राहिली, मी स्वतः बघितली आहेत. पण त्या जीआरमध्ये अट होती की दवाखान्यात भरती व्हायच्या किंवा मृत्यूच्या आधीच्या १४ दिवसांत तो माणूस ड्युटीवर हजर असला पाहिजे.

आमच्या वॉर्डात एक कक्षसेवक होते, आम्ही सगळ्या त्यांना मामा म्हणायचो. बॉडी पॅक करायला कुणी पुढे येत नव्हतं तेव्हा ते यायचे. त्यांना ताप आला, शेवटची ड्युटी करून घरी गेले, आधी अंगावर काढलं, मग घरीच वेगळं राहायचा प्रयत्न केला, बरं वाटलं, परत बिघडलं, आणि भरती केलं तेव्हा शेवटच्या सहीला १७ दिवस झाले होते. मामा गेले. मामींची फाईल त्या १४ दिवसांच्या अटीवर अडली. त्या माझ्याकडे यायच्या, सिस्टर तुम्हीच सांगा की साहेबांना, तुमच्याच वॉर्डातून गेलेत की ते. मी लेखी दिलं, इनचार्ज सिस्टरनी दिलं, ड्युटी रजिस्टरच्या झेरॉक्स लावल्या. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर दोन वर्षं फिरली. मधे योजनेची मुदत संपायची, मग मुदतवाढ यायची, मग नवीन नमुन्यात माहिती मागवायची. मामी आता धुणीभांडी करतात. मी कुणा एका साहेबाला दोष देत नाही, त्यांच्यासमोर जी अट लिहिलेली होती तीच त्यांनी लावली. अट कुणी लिहिली, कुठे चर्चा करून लिहिली, त्यावर कुठल्या सभागृहात कुणी बोललं का, हे मला तुम्हाला विचारायचंय.

आणि मामांच्या शेजारी उभा राहून तेच काम करणारा, पण ठेकेदाराकडून आलेला पोरगा, त्याला किती रुपये रोज मिळत होते हे मी इथे लिहीत नाही, लाज वाटते.

बघा, मरणाची किंमत सरकारने ठरवली आहे. कोविडची ५० लाख ठरवली. २०१६ पासून अपघात विम्याची योजना आहे, त्याचा हप्ता फेब्रुवारीच्या पगारातून आमच्याच खिशातून कापला जातो. अनुकंपाची यादी आहे. हे सगळं माणूस गेल्यावर चालू होतं. जो गेला नाही, रोज धोक्यात जाऊन रोज घरी परत येतो, त्याच्यासाठी कायद्यात काहीच नाही. जोखीम भत्ता म्हणजे मरणाचा मोबदला नव्हे हो, तो जिवंत माणसाचा पगार आहे. धोक्याचं काम साध्या कामापेक्षा जास्त किमतीचं असतं एवढं साधं तत्त्व आहे, विहीर खणणारा गवंडीसुद्धा खोल उतरायचे जास्त घेतो.

माझं स्वतःचं एक सांगते. २०१४ ला मला टीबी झाला. सहा महिने गोळ्या, १२ किलो वजन कमी, मुलगी तेव्हा दहावीला, तिला बहिणीकडे ठेवली. कामामुळे आजार झाला तर आपल्या रजा नियमांत विशेष विकलांगता रजा म्हणून आहे, मी तिचा अर्ज केला. तर मला विचारण्यात आलं की ही लागण वॉर्डातूनच झाली, बाजारातून, एसटीतून झाली नाही, याचा पुरावा जोडा. आता जंतूवर पत्ता लिहिलेला असतो का? सहा वर्षं रोज सात-आठ तास टीबीच्या पेशंटच्या तोंडासमोर उभी होते, खिडक्या गंजून बंद पडलेल्या वॉर्डात, आणि पुरावा मी आणायचा. शेवटी हातची अर्जित रजा आणि वैद्यकीय रजा टाकून मोकळी झाले. सुई टोचली की पण हेच. पेशंटला एचआयव्ही असेल तर दोन तासांत, जास्तीत जास्त ७२ तासांत गोळ्या सुरू करायच्या आणि २८ दिवस घ्यायच्या, ओकाऱ्या काढत ड्युटी करायची, मग तीन महिने-सहा महिने रिपोर्टची वाट बघायची, नवऱ्याला काय सांगायचं ते स्वतःच ठरवायचं. एका सुईमागे एचआयव्ही लागायची शक्यता साधारण हजारात तीन धरतात, कमी आहे, मान्य. पण त्या तीन महिन्यांत आकडेवारीने झोप येत नाही. माझ्या बॅचच्या एकीला लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाच्या आधी सुई टोचली होती, ती अजून ती तारीख विसरलेली नाही.

खरं म्हणजे यावर उत्तर आपल्या देशात शंभर वर्षांपूर्वी सापडलेलं आहे. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजारांची यादी होती, आणि पुढे झालेल्या दुरुस्तीनंतर दवाखान्यात-प्रयोगशाळेत जिथे संसर्गाचा विशेष धोका आहे तिथे काम करणाऱ्याला संसर्गजन्य आजार झाला तर तो कामामुळेच झाला असं आधी धरून चालायचं, तसं नसेल तर ते मालकाने सिद्ध करायचं. म्हणजे पुराव्याचं ओझं आजारी माणसाच्या डोक्यावर नाही. इंग्रजांच्या काळातल्या कायद्याची ही समज राज्य सरकारच्या रजा मंजूर करणाऱ्या टेबलापर्यंत पोचायला काय हरकत आहे?

आणि नवीन कायद्यांचं म्हणाल तर २०२० ची व्यवसायिक सुरक्षा आणि आरोग्याची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झाली. मी वाचायला घेतली, मनात म्हटलं आता आपलं काही असेल. तर त्यात सुरुवातीलाच लिहिलंय की केंद्र आणि राज्य सरकारच्या कार्यालयांना ही लागू नाही, ठेकेदाराची माणसं तिथे असतील तर त्यांना लागू. म्हणजे खाजगी कारखान्याच्या मालकाला सरकार सुरक्षेचा कायदा लावणार, आणि स्वतःच्या ऑफिसात स्वतःच्या माणसाबाबत तो कायदा नाही. दवाखाना हा कार्यालयात मोडतो का नाही यावर वकील वाद घालतील. तो वाद होऊ नये म्हणून तर राज्याचा स्वतःचा कायदा हवा ना.

तुम्ही म्हणाल सेवाशर्ती या सरकारच्या अखत्यारीतल्या, विधिमंडळाचा काय संबंध. तर मी नर्स आहे, वकील नाही, पण संविधानाचं कलम ३०९ मी वाचलंय. राज्याच्या सेवेतल्या लोकांच्या भरतीबद्दल आणि सेवाशर्तींबद्दल कायदा करायचा अधिकार विधिमंडळालाच आहे, राज्यपालांच्या नावाने निघणारे नियम हे असा कायदा होईपर्यंतची सोय आहेत. आणि तुम्ही हा अधिकार वापरलेलाही आहे. २००५ चा बदल्यांचा कायदा तुमच्याच सभागृहाने केला, त्याआधी बदली म्हणजे साहेबाच्या मर्जीचा कारभार होता, कायदा आल्यावर निदान तीन वर्षं हा शब्द तरी बोलायला मिळाला. २०१० ला दवाखान्यातल्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केलात. २०१८ मध्ये सरकारी नोकरावर हात टाकणाऱ्याची भारतीय दंड संहितेच्या कलम ३५३ ची शिक्षा २ वर्षांची ५ वर्षं केलीत, जी १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आल्यावर कलम १३२ मध्ये पुन्हा २ वर्षं झाली, तेही जरा बघा. तुमचे स्वतःचे पगार-भत्ते १९५६ च्या कायद्याने ठरतात, आणि ते योग्यच आहे, लोकप्रतिनिधीचा पगार कुणाच्या मर्जीवर नसावा. तसाच आमच्या जीवाच्या धोक्याचा हिशोब पण कुणाच्या मर्जीवर नसावा.

अजून एक तारीख तुमच्या लक्षात आणून देते. १४ मार्च २०२३. जुन्या पेन्शनसाठी आमचा राज्यव्यापी संप त्या दिवशी सुरू झाला, मी पण त्यात होते, मला स्वतःला जुनी पेन्शन आहे कारण मी १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागले, पण माझ्या वॉर्डातल्या निम्म्या पोरींना नाही म्हणून मी बसले. त्याच दिवशी विधिमंडळात मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवा परिरक्षणाचं विधेयक मंजूर झालं. आमच्या सेवा अत्यावश्यक आहेत, त्या बंद पाडल्या तर तुरुंग, हे कायद्याने ठरलं. माझी त्यावर तक्रार वेगळी आहे, ती आज काढत नाही. माझं म्हणणं एवढंच की आमच्या कामाशिवाय राज्य चालत नाही हे ज्या सभागृहाने एका दिवसात कायद्यात लिहिलं, त्याच सभागृहाने या कामात धोका आहे हेही कायद्यात लिहावं. सोडून जाता येणार नाही असं काम असेल तर त्याचा धोका मोजून दिलाच पाहिजे, दोन्ही एकाच कागदावर पाहिजे.

मोजायचं कसं, हा प्रश्न अवघड आहे असं मला सांगण्यात येतं. अवघड नाही, केलेलं आहे. सातव्या केंद्रीय वेतन आयोगाने एक तक्ता बनवला, एका बाजूला धोका किती, दुसऱ्या बाजूला कष्ट किती, जास्त-मध्यम-कमी, आणि त्या चौकटींत कामं बसवली. सगळ्यात वर सियाचीन, तिथल्या जवानाला तेव्हा महिना ३०,००० आणि अधिकाऱ्याला ४२,५०० रुपये ठरले. त्याच तक्त्यातून केंद्राच्या दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांचा पेशंट केअर भत्ता २,०७०-२,१०० वरून ४,१०० ते ५,३०० झाला, १ जुलै २०१७ पासून. शिवाय नर्सिंग भत्ता ४,८०० चा ७,२०० झाला आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला की हे भत्ते आपोआप २५ टक्क्यांनी वाढतात, तसे ते २०२४ ला वाढलेही. नागपूरला मिहानमध्ये एम्स आहे, तिथली नर्स केंद्राचे भत्ते घेते, घ्यावेच तिने. आणि त्याच शहरात सरकारी मेडिकलची नर्स, तोच पेशंट, तोच टीबी, तीच सुई. मे २०२२ मध्ये नर्सेसचा संप झाला तेव्हाही केंद्राप्रमाणे ७,२०० द्या ही मागणी होती. पेशंट एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे रेफर केला की वाटेत जंतू कमी होतात का?

पण केंद्राचं सगळं चांगलं असंही मी म्हणत नाही. केंद्राचाच एक साधा जोखीम भत्ता आहे, जमिनीखालच्या गटारात उतरणारे, संसर्गजन्य दवाखान्यात सफाई करणारे अशा लोकांसाठी, त्याचा दर नोव्हेंबर २०२० च्या आदेशाने सुधारला तो अकुशल कामगाराला महिना ९० रुपये. दिवसाला तीन. तेव्हा नुसतं केंद्राप्रमाणे, केंद्राप्रमाणे असं म्हणून चालणार नाही, आपलं आपण मोजलं पाहिजे, आणि आकडा असा पाहिजे की घेणाऱ्याला तो अपमान वाटू नये.

माझी भाची अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असते, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. २०२२ मध्ये तिच्या खात्यात ४८७ डॉलर ४५ सेंट आले, तिने मला लगेच स्क्रीनशॉट पाठवला. तिथल्या विधिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये कायदा करून ५० कोटी डॉलर बाजूला काढले, मार्च २०२० ते जून २०२१ मध्ये लोकांत जाऊन किमान १२० तास काम केलेल्यांना ते सारखे वाटले, १० लाख २५ हजारांहून जास्त माणसं निघाली. त्याआधी महिनोनमहिने त्यांच्या समितीत भांडण चाललं होतं, थोड्यांना जास्त द्यायचं की सगळ्यांना थोडं. मला ती रक्कम फार वाटली नाही आणि एकदाच देऊन प्रश्न सुटतो असंही नाही. मला हेवा वाटला तो भांडणाचा. नर्सला जास्त द्यायचं की दुकानातल्या कामगारालाही द्यायचं, हे लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी उघडपणे भांडून ठरवलं, आणि ते सगळ्यांना वाचायला मिळालं. आपल्याकडे हे कुठल्या बंद खोलीत ठरतं ते आम्हाला जीआर अपलोड झाल्यावर कळतं.

पैशाचा प्रश्न येणार, मला माहीत आहे. राज्याच्या तिजोरीचा मोठा वाटा पगार, पेन्शन आणि व्याजात जातो हे दरवर्षी बजेटच्या वेळी ऐकते. म्हणून एक गोष्ट मी स्पष्ट बोलते, माझेच सहकारी रागावतील तरी बोलते. हा भत्ता सगळ्यांना नको. टेबलावर बसून फाईल बघणाऱ्या माणसाला तो नको, मग तो मंत्रालयात असो की आमच्याच दवाखान्याच्या ऑफिसात. मी स्वतः शेवटची दोन वर्षं स्टोअरला होते, तेव्हा मला तो मिळायला नको होता. पद बघू नका, काम बघा. शवविच्छेदनाच्या खोलीतला परिचर, एक्सरेचा टेक्निशियन, मनोरुग्णालयात रात्री एकटा चाळीस पेशंट सांभाळणारा कक्षसेवक, तुरुंगातला रक्षक, वाळूचा ट्रक अडवायला मोटारसायकलवर जाणारा तलाठी. आणि वनरक्षक. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोबात व्याघ्रगणनेच्या सर्व्हेला पायी निघालेल्या एका वनरक्षक भगिनीला वाघिणीने मारलं, तुम्हाला आठवत असेल. तिच्यासोबत मदतनीस होते, हत्यार नव्हतं. तिच्या आधीच्या दिवशी पण ती तशीच चालली असेल, आणि आज या क्षणी तिच्या जागेवर दुसरी कुणीतरी चालते आहे. ती दुसरी जिवंत आहे म्हणून तिचा हिशोब करायचा नाही का?

पोलिसांचं मी मुद्दाम लिहीत नाही कारण गडचिरोलीत त्यांना दीडपट वेतनाचा निर्णय झालेला आहे आणि तो झाला हे उत्तम झालं. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांचा ड्रायव्हर गेला, तो महाराष्ट्र दिन आमच्यापैकी कुणी विसरणार नाही. पण पोलिसांना संघटना करता येत नाही, आम्हाला करता येते, आणि तरी आमचा प्रश्न मागे राहिला. यात आमच्या संघटनांची पण चूक आहे, हे पत्र तिथले लोकही वाचतील म्हणून लिहिते. दर वेळी मागण्यांचं निवेदन तयार होतं, पहिल्या पानावर पेन्शन, मग महागाई भत्त्याची थकबाकी, मग निवृत्तीचं वय, आणि जोखीम भत्ता शेवटच्या पानावर, तोही मोघम, किती, कुणाला, कशाच्या आधारावर काही नाही. चर्चेला बसलं की पहिल्या दोन मागण्यांवर चहा संपतो. दादांनो, ताईंनो, आपणच आपल्या धोक्याची नोंद ठेवत नाही, कुठल्या वॉर्डात वर्षभरात किती सुया टोचल्या याचं रजिस्टर तरी आपल्याकडे आहे का?

अजून एक भीती मला वाटते ती पण सांगते. भत्ता दिला की साहेब म्हणणार आता कशाला मास्क, कशाला गार्ड, कशाला खिडक्या दुरुस्त करायच्या, पैसे मिळतायत ना. असं व्हायला नको. मला ते १,५०० रुपये आणि गंजलेली खिडकी यातलं एकच मिळणार असेल तर मी खिडकी उघडून मागेन. म्हणून कायद्यात हे एकत्रच हवं, धोका आधी कमी करायचा, जो उरतो त्याचा भत्ता, आणि दर दोन-तीन वर्षांनी जागेवर जाऊन तपासायचं, त्या तपासणीत संघटनेचा माणूस असलाच पाहिजे आणि ठेक्यावरचा माणूस पण असला पाहिजे कारण सगळ्यात वाईट काम आता त्यांच्याच वाट्याला आहे. धोका कमी झाला तर भत्ता कमी करा, माझी ना नाही. दर महागाई भत्त्याशी बांधा, नाहीतर २००२ चे १,५०० वीस वर्षांनी पण १,५०० च राहतात. संसर्ग झाला तर तो कामामुळे झाला असं धरून चालायचं कलम घाला. एकदा दिलेलं परत मागायचं नाही हे लिहा. आणि १४ दिवसांसारखी अट घालायची असेल तर ती सभागृहासमोर ठेवून घाला.

हे आत्ताच का, तर आठवा केंद्रीय वेतन आयोग बसलाय. न्यायमूर्ती रंजना देसाई अध्यक्ष आहेत, आपल्या मुंबई हायकोर्टातून गेलेल्या, नोव्हेंबर २०२५ पासून १८ महिन्यांत त्यांचा अहवाल यायचाय. मग आपलं राज्य स्वतःची समिती नेमणार, सातव्याच्या वेळी बक्षी समिती नेमली होती तशी. सातवा आयोग १ जानेवारी २०१६ पासूनचा, आपल्याला तो जानेवारी २०१९ ला लागला, बक्षी समितीचा दुसरा खंड २०२३ ला स्वीकारला, मग त्रुटी दूर करायला खुल्लर समिती, तिचा निर्णय जून २०२५ ला. म्हणजे नऊ वर्षं. आमच्यातल्या किती जणी या नऊ वर्षांत रिटायर झाल्या आणि किती गेल्या. या वेळी समिती नेमताना तिच्या कार्यकक्षेत जोखमीचा तक्ता हा विषय नाव घेऊन घाला, एवढं जरी या अधिवेशनात झालं तरी सुरुवात होईल.

अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराचं विधेयक मंजूर व्हायला तिजोरीच्या खर्चामुळे राज्यपालांची शिफारस लागते, म्हणजे सरकारच्या मनात असल्याशिवाय ते पुढे सरकत नाही हे मला एका माजी आमदारांनी समजावून सांगितलं. ठीक आहे. पण तारांकित प्रश्न विचारायला शिफारस लागत नाही, लक्षवेधीला लागत नाही. प्रश्न मी लिहूनच देते, तुमच्यापैकी कुणीही पक्ष न बघता घ्या : गेल्या दहा वर्षांत राज्य शासनाच्या किती कर्मचाऱ्यांना कामावर असताना टीबी, कावीळ, सुईची इजा, हल्ला किंवा वन्यप्राण्याचा हल्ला झाला, खातेनिहाय आकडा द्या, आणि त्यातल्या किती जणांना विशेष विकलांगता रजा मंजूर झाली. उत्तरात माहिती संकलित करण्यात येत आहे असं आलं तर पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न परत विचारा.

आरोग्य खात्याच्या कुठल्या समितीसमोर बोलवलंत तर मी यायला तयार आहे, माझ्या खर्चाने येईन. माझ्याकडे माझ्या २०१४ च्या अर्जाची पोच आहे, आणि मामींनी त्यांच्या फाईलची पूर्ण झेरॉक्स माझ्याकडे ठेवायला दिली आहे, ड्युटी रजिस्टरच्या पानासकट. ती घेऊन येते. मामींनाही विचारलंय, त्या म्हणाल्या दुपारच्या कामाला एक दिवस सुट्टी मिळाली तर येईन.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका